दहावा हिस्सा पाण्याचा

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत घाऊक व्यापाऱ्याने लेख लिहावयाचा म्हणजे तो बाजारभाव, मंडीचा कर, वाहतुकीच्या अडचणी किंवा जुन्या पेढ्यांच्या आठवणी ह्यांवर असावा, असा एक संकेत पडून गेला आहे. यंदा आम्ही तो संकेत थोडा बाजूस ठेवीत आहोत. धार व देवास ह्या दोन जिल्ह्यांत, आणि त्यांच्या मधोमध वसलेल्या इंदूर शहरात, स्थानिक राज्यकारभाराने पाणी, वीज व बदलते हवामान ह्यांचा मेळ घालण्याचे जे प्रयत्न केले, त्यांचा आढावा वाचकांपुढे ठेवावा असा आमचा हेतू आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु जमा व खर्च ह्या दोन बाजू समोरासमोर मांडून पाहण्याची सवय धंद्याने लावली आहे, आणि त्या सवयीने पाहिले असता हा विषय पुष्कळ उलगडतो.

पेढीच्या उंबरठ्यापर्यंत आलेले हवामान

हवामान हा विषय आपला नव्हे, असे म्हणणाऱ्या व्यापारी बंधूंनी २०२२ सालचा मार्च महिना आठवावा. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका उष्ण मार्च देशात झाला नव्हता. गव्हाचा दाणा भरण्याच्या ऐन वेळी झळा लागल्या व अनेक प्रांतांत दाणा बारीक पडला. त्यानंतर १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यात बंद केली, आणि पुढील वर्षी, १२ जून २०२३ रोजी, घाऊक व्यापाऱ्यास ३,००० टनांहून अधिक गहू बाळगता येणार नाही, असा निर्बंध आला. आकाशातील उष्णता सुमारे पंधरा महिन्यांत आपल्या साठ्याच्या नोंदवहीपर्यंत कशी उतरली, हे ह्यावरून दिसेल.

पावसाचीही तीच कथा आहे. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. पाऊस पडतो; पण पूर्वीसारखा रयतेच्या सोयीने पडत नाही. थोड्या दिवसांत पुष्कळ पडतो आणि मग दीर्घ खंड घेतो. अशा पावसास धरून ठेवणारे भांडे ज्या प्रदेशाजवळ असेल, तोच ह्यापुढे पिकेल. मंडीची आवक शेवटी त्या भांड्यावर अवलंबून आहे.

धारचा जुना धडा

हे भांडे बांधण्याची विद्या आपल्या प्रदेशास नवी नाही. धार ही परमारांची राजधानी. तेथील मुंजसागर तलाव वाक्पती मुंजाच्या नावाने आजही ओळखला जातो. धार जिल्ह्यातीलच मांडव हा तर पावसाच्या पाण्यावर राजधानी कशी चालवावी, ह्याचा वस्तुपाठ होय. विंध्याच्या माथ्यावरील ह्या गडास नदीचा आधार नाही. जहाज महालाच्या एका बाजूस मुंज तलाव व दुसऱ्या बाजूस कपूर तलाव. छपरावरचे पाणी नळ्यांतून व पन्हाळींतून खाली उतरवून हौद भरण्याची योजना तेथील इमारतींत केलेली आढळते. प्रवासी ती नक्षी म्हणून पाहतात. वास्तविक ती नगराची पाणीपुरवठा-व्यवस्था आहे, आणि तिला तेलाचा थेंब किंवा विजेचे एक युनिट लागत नव्हते. उतार हेच तिचे इंजिन होते.

देवास हे एकाच गावात दोन गाद्या असलेले संस्थान. थोरल्या व धाकट्या पातीच्या पवारांचे राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. गावात तलाव व विहिरी होत्या; मीठा तलाव आजही आहे. परंतु वस्ती वाढली, कारखाने आले, अनेक जलाशय बुजले, आणि प्रत्येकाने आपल्या अंगणात कूपनलिका खणून घेतली. परिणामी १९९० च्या एप्रिलात इंदूरहून आगगाडीच्या टाक्यांत भरून देवासला पाणी आणण्याची पाळी आली. ज्या माळव्याची ख्याती अन्नाच्या व पाण्याच्या सुबत्तेसाठी देशभर होती, त्या माळव्याच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी रेल्वेने उतरावे, ह्याहून मोठी नामुष्की ती कोणती?

देवासची गाळणी

ह्या नामुष्कीतूनच पहिला चांगला प्रयोग निघाला. देवासचे जिल्हाधिकारी मोहन राव आणि ग्रामीण अभियांत्रिकी सेवेचे अभियंते ह्यांनी घराच्या छपरावरील पाऊस त्याच घरच्या कूपनलिकेत परत सोडण्यासाठी एक साधी गाळणी तयार केली. १४० मिलिमीटर व्यासाचा व १.२ मीटर लांबीचा प्लास्टिकचा नळ. त्याचे तीन कप्पे. पहिल्यात २ ते ६ मिलिमीटरचे बारीक खडे, दुसऱ्यात ६ ते १२ मिलिमीटरचे, तिसऱ्यात १२ ते २० मिलिमीटरचे, आणि शेवटी जाळी. त्या वेळी खर्च सुमारे ६०० रुपये. ह्या गाळणीस पुढे देशभर ‘देवास फिल्टर’ असेच नाव पडले.

पाणी गाळून घेण्याचे महत्त्व आपल्या समाजास निराळे सांगावयास नको. येथे मात्र पाणी पिण्यासाठी गाळलेले नसून, भूमीस परत देण्यासाठी गाळलेले आहे. ज्या नलिकेतून आजवर केवळ उचल होत होती, तिच्याच तोंडाने जमा करण्याची ही युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते. एखाद्या खात्यावर वर्षानुवर्षे फक्त नावेच पडत जावे आणि जमेची ओळ कधी उमटू नये, तर त्या खात्याचे काय होते, हे कोणताही मुनीम सांगेल.

रेवासागर

दुसरा व अधिक मोठा प्रयोग २००६ सालचा. त्या वेळी उमाकांत उमराव हे देवासचे जिल्हाधिकारी होते. जिल्ह्यातील शेतकरी कूपनलिकांमागे कर्जबाजारी झाला होता. पाचशे-सहाशे फूट खणावे, कोरडे लागावे, पुन्हा दुसरीकडे खणावे, असा क्रम चालला होता. मोटारी, तारा व नळ ह्यांचा खर्च निराळाच. आमच्या पेढीवर माल आणणाऱ्या कित्येक कास्तकारांची पट्टी होताच रक्कम परस्पर कूपनलिकेच्या देण्यात जात असे; पुढील बियाण्यासाठी पुन्हा उचल मागावयास ते आमच्याकडेच येत. ही स्थिती केवळ एका पेढीची नव्हती.

उमराव ह्यांनी जो मार्ग काढला, त्याचे वैशिष्ट्य असे की, तो धर्मादायाचा नव्हता. त्यांनी प्रथम मोठ्या शेतकऱ्यांस हाती धरले; कारण जमिनीखालचे पाणी सर्वांत अधिक तेच उपसत होते व खर्चाची ऐपतही त्यांचीच होती. त्यांस सांगितले की, आपल्या जमिनीचा दहावा ते विसावा हिस्सा तळ्यासाठी सोडा, तळे स्वतःच्या खर्चाने खणा, आणि उरलेल्या जमिनीत दोन पिके काढून तो खर्च वसूल करा. ह्या मोहिमेचे नाव ‘भगीरथ कृषक अभियान’. तळ्यास ‘रेवासागर’ म्हणावयाचे व ते खणणारास ‘भगीरथ कृषक’ म्हणून गौरवावयाचे. तळ्यासाठी कर्ज देण्याची वहिवाट बँकांत नव्हती. त्यांचीही समजूत घालावी लागली.

टोंकखुर्द तहसिलीतील हरनावदा, धतुरिया, टोंककलां इत्यादी गावांतून ह्या कामाने मूळ धरले आणि थोड्याच वर्षांत जिल्ह्यात हजारो तळी झाली. पुढे राज्य सरकारने २००७ साली ‘बलराम ताल’ ही योजना काढून अशा तळ्यांस अनुदान देण्यास आरंभ केला. म्हणजे येथे जिल्हा पुढे गेला आणि राज्य त्याच्या मागून आले. जी जमीन पावसाळ्यानंतर पडीक राहत असे, तेथे गहू, हरभरा व बटाटा उभा राहू लागला. तळ्यांवर स्थलांतर करणारे पक्षी उतरू लागले, ही गोष्ट ताळेबंदात धरता येत नाही. परंतु जीवदयेचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकांस ती जमेच्या बाजूसच लिहावीशी वाटेल.

एका तळ्याचा हिशेब

जमिनीचा दहावा हिस्सा पाण्याखाली घालणे हा व्यवहार पुरवडतो काय? आपण मांडून पाहू. दहा एकरांचे शेत व वर्षाचा पाऊस ४० इंच धरला, तर त्या शेतावर सुमारे ४ कोटी लिटर पाणी पडते. एक एकराचे दहा फूट खोल तळे काठोकाठ भरले, तर त्यात सव्वा कोटी लिटर मावते. म्हणजे शेतावर पडणाऱ्या पावसाचा तिसरा हिस्सा वाहून आला, तरी तळे भरले. त्यातील एक तृतीयांश पाणी उन्हाने व पाझराने गेले असे धरले, तरी उरलेल्या नऊ एकरांस दोन-दोन इंचांची चार पाणी बसतात. काळ्या जमिनीत गहू-हरभऱ्याचे पीक त्यावर साधते. दहा एकरांत एक पीक घ्यावे की नऊ एकरांत दोन घ्यावीत, एवढाच मग प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर देण्यास मॅट्रिकचीही आवश्यकता नाही.

आता विजेकडे पाहू. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढविण्यास, यंत्राची तूट न धरता, पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. हा निसर्गाचा दर आहे. त्यात घासाघीस चालत नाही. एक एकरास दोन इंच पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. ते पाचशे फुटांवरून उपसावयाचे, तर निम्मी शक्ती मोटारीत व नळात वाया जाते असे धरून सुमारे १६५ युनिटे लागतात. तेच पाणी पंधरा फूट खोल तळ्यातून घेतले, तर ५ युनिटांत काम होते. चार पाण्यांचा हिशेब केला तर एका एकरामागे ६६० युनिटे एका बाजूस व २० युनिटे दुसऱ्या बाजूस.

वाचकांनी हे दोन आकडे क्षणभर शेजारी ठेवून पाहावेत. शेतकऱ्यास वीज सवलतीने मिळते, म्हणून हा फरक त्यास जाणवत नाही. परंतु सवलत म्हणजे खर्च नाहीसा होणे नव्हे, तो दुसऱ्याच्या खाती पडणे होय. ती वीज अद्यापि मोठ्या प्रमाणावर कोळसा जाळून तयार होते. तेव्हा पाण्यासाठी खणलेले तळे हे विजेची बचत करणारे व धूर कमी करणारे साधनही ठरते. ऊर्जेचे धोरण म्हणजे केवळ नव्या विजेचे कारखाने नव्हेत. जी वीज लागलीच नाही, ती सर्वांत स्वस्त. पाण्याच्या ह्या मोहिमेत ऊर्जेचे एवढे मोठे धोरण दडलेले होते.

दुरून आणलेले पाणी

ह्याच्या उलट बाजूस नर्मदेचे पाणी आहे. नर्मदा-क्षिप्रा जोड योजनेचा आरंभ २०१२ साली होऊन २०१४ मध्ये पाणी क्षिप्रेत पडले. ते सुमारे साडेतीनशे मीटर उचलावे लागते; म्हणजे यंत्राची तूट न धरताही हजार लिटरमागे जवळजवळ एक युनिट. इंदूर शहराचे पाणीही खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून टप्प्याटप्प्याने चढवून आणतात. शहरांस ते आवश्यक आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्याचे विजेचे देयक हा नगरपालिकांच्या गळ्यातील धोंडा होऊन बसतो.

ह्या धोंड्यावर इंदूर महानगरपालिकेने जो उपाय योजला, तो व्यापारी वर्गाने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने हरित कर्जरोखे थेट जनतेस विकावयास काढले, आणि २४४ कोटी रुपये उभारले. मागणी ह्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट आली. व्याजाचा दर ८.२५ टक्के ठेवला होता. हे भांडवल जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर वीज-प्रकल्प उभारण्यासाठी होते. ज्या ठिकाणी विजेचा खर्च, त्याच ठिकाणी उत्पन्न. आणि भांडवल सरकारकडे हात न पसरता बाजारातून, पतीवर. पत ही वस्तू आपल्या धंद्यातही वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहाराने मिळते. नगरपालिकेस ती मिळू शकते, हे इंदूरने दाखवून दिले. त्याच पालिकेने १९ फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून वाहनांसाठी वायू तयार करण्याचा कारखाना चालू केला. आपल्या स्वयंपाकघरातील सालपटेही अशा रीतीने जमेच्या बाजूस येऊ शकतात.

परदेशांतही हीच दिशा दिसते. स्पेनमधील बार्सिलोना नगरीने २००० साली असा नियम अमलात आणला की, नव्या इमारतींनी आपल्या गरम पाण्याचा मोठा भाग सूर्याच्या उष्णतेवर तापवावा. लंडनच्या मर्टन ह्या विभागाने २००३ साली मोठ्या नव्या बांधकामांनी आपल्या ऊर्जेचा दहावा हिस्सा जागच्या जागी निर्माण करावा, असे ठरविले, आणि इतर अनेक नगरांनी तो नियम उचलला. मर्टनने ऊर्जेचा दहावा हिस्सा मागितला, देवासने जमिनीचा. दोघांस एकमेकांची वार्ता नसावी. पण दहावा हिस्सा सर्वांच्या हितासाठी बाजूस काढावा, हा विचार दोन्हीकडे आला.

उणे बाजू

जमाखर्चात उणे बाजू लपवू नये. पहिली उणीव ही की, ज्याच्याजवळ दहा एकर आहेत त्यास एक एकर सोडणे जमते; दोन एकरवाल्यास नाही. त्याच्यासाठी गावाचे सामाईक तळे, ओढ्यावरील बांध किंवा पाणलोटाचे काम हाच उपाय आहे. देवास जिल्ह्यातील बागलीच्या आदिवासी मुलुखात ‘समाज प्रगती सहयोग’ ह्या संस्थेने १९९० पासून असे काम केले आहे, व ते स्थानिक पंचायतींनी पुढे नेण्याजोगे आहे.

दुसरी उणीव माणसाच्या स्वभावाची. महाराष्ट्रात २०१६ साली मागेल त्यास शेततळे देण्याची योजना निघाली. तेव्हा काही भागांत तळ्याच्या तळास प्लास्टिक अंथरून त्यात पावसाऐवजी विहिरी-कूपनलिकांचे पाणी उपसून भरण्याचा प्रकार घडला. अशाने तळे हे भूमीची ठेव नसून भूमीवरील दरोडा ठरते. साधन तेच; वापर उलटा. अनुदान देणाऱ्यांनी तळे मोजावे, तसे ते कशाने भरले हेही तपासावे.

तिसरी उणीव सर्वांत मोठी आहे. अधिकारी बदलतो. देवासची गाळणी काय किंवा रेवासागर काय, दोन्ही कर्तबगार जिल्हाधिकाऱ्यांच्या उत्साहावर उभी राहिली. पेढी माणसावर चालते, पण टिकते ती वहीवर. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींकडे जे २९ विषय सोपविण्याची तरतूद केली, त्यांत लघुसिंचन व पाणलोट आहेच, शिवाय अपारंपरिक ऊर्जाही आहे. ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांच्या यादीत पाणीपुरवठा, रस्त्यांवरील दिवे व पर्यावरणरक्षण घातले. १९९४ साली ह्या दुरुस्तीनुसार पंचायतींच्या निवडणुका प्रथम मध्य प्रदेशातच झाल्या. तेव्हा अधिकार कागदावर आहेत. त्यांची खातेवही मात्र पुष्कळ ठिकाणी कोरी आहे.

आणि जेथे स्थानिकांचे मत न घेता ऊर्जा येते, तेथे काय होते हेही धार जिल्ह्याने पाहिले आहे. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटर ह्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा कुक्षी तहसिलीतील निसरपूर हे बाजारपेठेचे गाव पाण्याखाली गेले. त्या धरणाच्या विजेतील ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाचा आहे. वीज सर्वांच्या घरी आली; दुकाने, गोदामे व शेजार मात्र निसरपूरकरांचे गेले. मोठ्या योजनांवाचून देश चालत नाही, हे आम्ही मानतो. परंतु जेवढे पाणी व जेवढी वीज आपण आपल्याच शेतावर व छपरावर मिळवू, तेवढे दुसऱ्या कोणाचे तरी गाव वाचेल, हेही तितकेच खरे आहे.

आपले कर्तव्य

ह्या सर्वांत व्यापाऱ्यांनी काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी तत्काळ करण्याजोग्या आहेत.

पहिली : आपली गोदामे, डाळ-गिरण्या व मंडीतील लिलावाच्या शेड ह्यांची छपरे विस्तीर्ण आहेत, व ती वर्षातून तीनशे दिवस उन्हात तापत असतात. त्यांवर सौर पत्रे बसवून छपराखालील चाळण्या व तोलकाटे चालवावेत. घरांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना काढून ३ किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचे अर्थसाहाय्य ठेवले आहे. पेढीच्या छपरास ते लागू नसले, तरी दिवसा चालणाऱ्या धंद्यास दिवसा मिळणारी वीज सोयीचीच आहे. त्याच छपरांचे पावसाळी पाणी देवास-गाळणीतून भूमीत सोडावे. पत्रा एक, पिके दोन.

दुसरी : मंडळाने आपल्या धर्मादाय निधीतील एक ठराविक हिस्सा दरवर्षी एका जुन्या तलावाचा गाळ काढण्यासाठी राखून ठेवावा. नवे बांधून शिला लावण्यापेक्षा जुने राखण्यात मान थोडा असतो, पण फळ अधिक असते. निघालेला गाळ आसपासच्या हलक्या जमिनीस खतासारखा उपयोगी पडतो.

तिसरी व महत्त्वाची : आपण ज्या पंचायतींच्या व नगरपालिकांच्या हद्दीत व्यवहार करतो, त्यांच्या अंदाजपत्रकाच्या सभेस मंडळाच्या प्रतिनिधीने हजर राहून तीन आकडे मागावेत : पाणी उपसण्यासाठी वर्षात किती वीज लागली, किती तळी भरली, आणि गतवर्षीपेक्षा हे आकडे कोणत्या दिशेस गेले. ते मंडळाच्या वार्षिक अहवालात छापावेत. अधिकारी बदलले तरी दर वर्षी तेच तीन प्रश्न त्याच खुर्चीतून विचारले गेले, म्हणजे वही आपोआप लिहिली जाईल.

आपल्या वाडवडिलांनी नफ्यातील काही भाग पाणपोई, धर्मशाळा व पांजरपोळ ह्यांसाठी नेहमीच बाजूस काढला. त्या काळची गरज ती होती. आजची गरज पाणी व वीज ह्यांची आहे, आणि ती भागविण्याचा मार्ग आपल्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा खणून दाखविला आहे. जमीन सोडणे हा शेतकऱ्यास सर्वांत कठीण त्याग. तो त्याने हिशेब करून केला, आणि हिशेब खरा ठरला. व्यापारी वर्ग हिशेबात शेतकऱ्याहून मागे आहे, असे कोणी म्हणू नये, एवढीच आमची आपल्या बंधूंस नम्र विनंती आहे.